गुहागर पट्ट्यातली घरं ओएसएमवर एकगठ्ठा चढवावीत का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बसा.

ओपनस्ट्रीटमॅपवर (ओएसएम, कुणालाही भर घालता येणारा खुला नकाशा) आमची बाजू उघडली की समुद्र दिसतो, डांबरी रस्ता दिसतो, चार देवळं दिसतात आणि मध्ये सगळं पांढरं. बाजारपेठेतली थोडी घरं कुणीतरी हाताने काढली आहेत, किनाऱ्यावरची दोन-तीन लॉजं आहेत, बाकी आनंद. पत्ता शोधायचा म्हटलं तर 'मु. पो. अमुक, ता. गुहागर' इथवर गाडी जाते. पुढे फोन लावायचा आणि विचारायचं, वडाकडून वर यायचं की खाली.

तर प्रस्ताव असा. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये जगभरातल्या इमारतींच्या बाह्याकृती खुल्या केल्या. उपग्रहाच्या प्रतिमांवरून संगणकाने छपरं ओळखून काढलेल्या. परवाना ओडीबीएल (माहितीसाठ्याच्या खुल्या वापराचा), म्हणजे ओएसएमचाच. गुगलचा 'ओपन बिल्डिंग्ज' हा साठाही आहे, २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत तब्बल १८० कोटी आकृत्या, आणि त्यात आपला देश येतो. तो दोन परवान्यांखाली मिळतो, त्यातला एक ओडीबीएल. म्हणजे कायद्याची अडचण नाही. आपल्या तालुक्यापुरता तुकडा कापून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बघितला. खालच्या पाटापासून (किनाऱ्यालगतची वस्ती) सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, एकुटवाण्या घरापर्यंत बरंच काही आहे.

शिवाय ओळखीतल्या एका ग्रामपंचायतीतून घर क्रमांकांची यादी मिळू शकेल असं दिसतंय. आकृत्या आणि क्रमांक दोन्ही एकदम चढवले तर मे महिन्याच्या आत तालुका भरून निघेल.

काय म्हणता? कुणी आधी केलं आहे का?

---

नकाशे_आजोबा

करू नका. म्हणजे असं करू नका.

२००७-०८ मध्ये अमेरिकेत जनगणना खात्याचा 'टायगर' नावाचा रस्त्यांचा साठा ओएसएममध्ये ओतला गेला. देश एका फटक्यात भरला, सगळे खूश. मग लोक झूम करून बघायला लागले तर रस्ते शेतातून चाललेले, वळणं नाहीशी झालेली, खाजगी पायवाटा गल्ल्या म्हणून नोंदलेल्या. खात्याचं गणनेचं काम त्यावर भागत होतं, गाडी हाकण्यासाठी तो साठा केलेलाच नव्हता. इतकी वर्षं उलटली तरी तिथली मंडळी ते निस्तरतायत. आपल्याकडेही त्याच सुमारास ए-एन-डी नावाच्या डच कंपनीने भारतातल्या मुख्य रस्त्यांचा साठा दान दिला होता. महामार्गाचा एखादा जुना तुकडा इतिहासात मागे जाऊन बघा, त्याचे अवशेष सापडतील.

उलट उदाहरणही देतो, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसता मोडता घालतो. न्यूयॉर्क शहराच्या इमारती आणि पत्ते २०१३-१४ मध्ये आयात झाले. सुमारे दहा लाख इमारती. पण साठा महापालिकेचा स्वतःचा, मोजणी करून केलेला. आणि तोही शहराचे छोटे-छोटे तुकडे पाडून, प्रत्येक तुकडा एका माणसाने डोळ्याखालून घालून चढवला. ओतला नाही.

नियम तर आहेतच. स्थानिक मंडळींशी चर्चा, मग आयातीच्या जागतिक चर्चेत प्रस्ताव, ओएसएमच्या विकीवर पान, वेगळं खातं, प्रत्येक चेंजसेटवर (एकदम चढवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यावर) स्रोत. न विचारता चढवलेलं सरसकट मागे घेतात, आणि मागे घेताना कुणाची हाताने केलेली सुधारणा त्यात अडकली असेल तर तीही जाते.

---

सड्यावरचा_वारा

आजोबांना अनुमोदन. मी देवगडकडचा. आमच्या बाजूचा तुकडा मी पूर्वी उघडून बघितलाय, त्यातली गंमत सांगतो.

संगणकाला काटकोन आणि सावली दिसली की घर वाटतं. कोकणात काटकोन कुठे असतात? चिरेखाणीत! जांभा कापलेला खड्डा वरून बघा. सरळ कडा, एका बाजूला गडद सावली, तळ लालसर. कौलारू छप्पर जसं दिसेल अगदी तसाच. आमच्या सड्यावर एका खाणीत याने अख्खी वाडी वसवली आहे. माणूस एक नाही, घरं रांगेत. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं हे दुसरं लाडकं. तिसरं, कलमांभोवतीचे चौकोनी गडगे, म्हणजे दगडी कुंपणं.

आणि जिथे खरंच घरं आहेत तिथे दिसत नाहीत, कारण वर फणस आहे, आंबा आहे, माड आहेत. पन्नास वर्षांचं कौल शेवाळून काळं पडलेलं, बाजूच्या झाडापासून वेगळं ओळखणं आपल्यालाही जमत नाही. म्हणजे ओसाड सड्यावर गाव आणि भरल्या गावात रान.

गुगलच्या साठ्यात प्रत्येक आकृतीला विश्वासाचा आकडा दिलेला असतो, ०.६५ च्या पुढे. ०.७५ च्या खालचं सरळ गाळलं तर कचरा बराच कमी होतो. पण चिरेखाणी तरीही राहतात. त्यांच्याबद्दल त्याला फारच खात्री आहे.

---

मालवणी_बांगडो

माका पण सांगूचा आसा. वाऱ्यानु, तू माटव (मांडव) विसरलंस.

दिवाळी झाली की आमच्याकडे खळ्यात माटव घालतत. पयले झापांचो, आता पत्र्याचो नायतर हिरव्या जाळयेचो. मिरगाच्या आधी काढतत. उपग्रहाक पावसात ढगांमुळे काय दिसणा नाय, म्हणजे सगळे फोटो दिवाळी ते मे मधले. म्हणजे प्रत्येक घराक माटव चिकटलेलो. संगणक म्हणता, घर दुप्पट मोठा. आणि गवताची उडवी? ती पण घर. गोल घर!

देवबागाक तर वेगळीच तऱ्हा. एका बाजूक कर्ली, दुसऱ्या बाजूक दर्या. काठ सरकतत. जुन्या फोटोत घर आसा थय आता पाणी आसा. ह्या कोण बघतलो?

---

खाडीकाठ

माटवाचा मुद्दा डोक्यातच आला नसता, बांगडोभाऊ, आभार. मी पुन्हा साठा उघडून खालच्या पाटावरची घरं बघितली. ज्यांना गुहागर माहीत नाही त्यांच्यासाठी: समुद्राला समांतर लांबच लांब रस्ता, रस्त्यालगत घर, घरामागे थेट पुळणीपर्यंत गेलेली माड-पोफळीची चिंचोळी वाडी. एका घराला मागच्या बाजूला न्हाणीघर, गोठा, लाकडांची खोप, मग पंपाची खोली. संगणकाने पुढचं घर बरोबर पकडलंय, गोठा अर्धा, बाकी माडाखाली गुडुप.

आणखी एक. सगळ्या आकृत्या एकाच दिशेने सरकलेल्या दिसतायत. पार्श्वभूमीला बिंगची उपग्रह-प्रतिमा लावली तर थोड्या, एस्रीची लावली तर जास्त. खऱ्या कोणत्या?

---

नकाशे_आजोबा

कोणतीच प्रतिमा खरी नाही असं धरून चाला. उपग्रह तिरका बघतो, डोंगरउतारावर ती तिरकी प्रतिमा सपाट करताना चूक राहते. सपाट किनाऱ्यावर ती कमी, खाडीच्या चढावर जास्त, आणि एकाच गावात वर-खाली वेगळी. पाच-दहा मीटर सहज. रस्ता सहा मीटरचा असताना पाच मीटरने घर सरकलं म्हणजे ओटा रस्त्यात.

उपाय: जमिनीवरचा पुरावा. एसटी थांबा, देवळाच्या चौथऱ्याचा कोपरा, जेटीचं टोक, पुलाचे कठडे, यांचे जीपीएस ट्रेस. एकदा चालून नव्हे, बऱ्याच जणांचे, वेगवेगळ्या दिवशीचे. त्यांची सरासरी घेऊन जोसममध्ये (ओएसएम संपादनाचं सॉफ्टवेअर) प्रतिमेचा ऑफसेट, म्हणजे ती किती सरकली आहे ते अंतर, बसवायचा, मग आकृत्यांचा गठ्ठा त्या प्रतिमेवर सरकवायचा. एका वाडीचा ऑफसेट शेजारच्या डोंगरावर लावू नका.

आणि हाताने काढलेलं घर आधीच असेल तर त्याला हात लावायचा नाही. आकृती अगदीच ओबडधोबड असेल तर जोसमच्या युटिल्सप्लगइन-२ या जोडसाधनातलं 'रिप्लेस जिऑमेट्री' वापरा, म्हणजे जुन्या घराचा इतिहास आणि टॅग (त्यावर नोंदवलेली माहिती) टिकतात. जुनं पुसून नवं टाकलं की ज्याने पाच वर्षांपूर्वी भर उन्हात फिरून नाव लिहिलं त्याचं नाव इतिहासातून गेलं. माणसं अशाने काम सोडतात.

---

शंकासूर

मला एक कळत नाही, हा खटाटोप कशासाठी? गुगल मॅप आहे, त्यात शोधा. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय, चार मीटर गुणिले चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेतांक. पत्त्याचा प्रश्नच मिटला. घराघराला जाऊन क्रमांक लिहीत बसायचं म्हणजे शिमग्यात सोंग काढण्यापैकी झालं (आणि त्यातलं मला कळतं).

दुसरं, गावात लोक विचारतील. किनाऱ्यावर सीआरझेडचं (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या बंधनांचं) भूत प्रत्येकाच्या मानगुटीवर आहे. पडवी वाढवलेली, समुद्राकडे दोन खोल्या काढलेल्या. तुम्ही मोबाईल घेऊन फिरायला लागलात की आधी घरपट्टीवाले समजतील, मग त्याहून वाईट.

---

पोफळी

शंकासूर, शेवटचं खरं आहे. मी गुहागरातच राहते, स्ट्रीटकम्प्लीट (ओएसएमवर माहिती भरायचं मोबाईल अ‍ॅप) घेऊन फिरते. पहिला प्रश्न नेहमी हाच, 'ताई, कुठल्या ऑफिसातून?' मी फोनच दाखवते. नकाशा बघितला की लोक आपलं देऊळ शोधतात, मग शाळा, मग 'आमची विहीर नाही दाखवली?' हद्दीच्या रेषा आपण काढत नाही आणि ओएसएमवरच्या घराच्या आकृतीने कुणाची मालकी सिद्ध होत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. मालमत्तेचं काम सरकारच्या स्वामित्व योजनेचं. ड्रोन उडवून गावठाणं मोजायची ती २०२० सालची योजना. आपला त्याच्याशी संबंध नाही.

डिजिपिनबद्दल: तो अक्षांश-रेखांशावरूनच निघतो. कुठल्याही बिंदूचा हवा तेव्हा काढता येतो. तो नकाशात घराघरावर लिहून ठेवायची गरज नाही, तसंच गुगलच्या प्लस कोड या संकेतांकाचंही. आणि 'डिजिपिन सांगा' म्हटल्यावर हेदवीच्या आजी सांगणार आहेत का? त्या सांगणार मधली वाडी, पाराच्या मागे.

आता क्रमांकांचं. खाडीकाठ, यादी घ्यायच्या आधी एकदा कुठल्याही जुन्या घराच्या चौकटीकडे नीट बघा. आमच्या शेजारी एकाच दारावर पंचायतीची पत्र्याची पट्टी, तिच्यावर एक आकडा. तिच्याखाली गेरूने रंगवलेला दुसरा, तो जनगणनेचा. पल्स पोलिओवाल्यांच्या खडूच्या खुणा. फवारणीवाल्यांची तारीख. वीज मीटरचा ग्राहक क्रमांक वेगळाच. यातला पत्ता कोणता? पंचायतीचा म्हणावा तर भाऊ वेगळे झाले की त्याला अ, ब लागतात, फेरआकारणीत कधी सगळी मालिकाच बदलते आणि जुनी पट्टी तशीच राहते. क्रमांकाच्या शेजारी क्रमांक असेलच असंही नाही. घर ज्या क्रमाने नोंदलं गेलं तो क्रम, जागेचा नाही.

---

टपालातला_निवृत्त

पोफळीताईंनी नेमकं सांगितलं. शाखा डाकघरात बरीच वर्षं काढली. पत्रावर घर क्रमांक असायचा क्वचित, आणि असला तरी कुणी बघत नसे. बघायचं ते वाडीचं नाव, त्या खालोखाल आडनाव, आणि एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरं असली की वडिलांचं नाव. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, पण त्याचा उपयोग पत्र आमच्या ऑफिसात येईपर्यंत. ४१५७०३ म्हटलं की गुहागर आणि आसपासची बरीच गावं त्यात आली. पुढचं सगळं वाडीवर.

त्यामुळे मला विचाराल तर आधी वाड्या मांडा. घरं मागाहून.

---

खाडीकाठ

काका, हे पटलं. पण वाडी नकाशात मांडायची कशी? बिंदू की क्षेत्र? आणि घराला ती जोडायची कशी?

---

नकाशे_आजोबा

गावापासून सुटी असलेली वाडी 'प्लेस=हॅम्लेट', वस्तीला वस्ती लागून असलेली आळी किंवा पाट 'प्लेस=नेबरहुड'. बिंदू पुरे. हद्द काढायच्या फंदात पडू नका, दोन वाड्यांची भांडणं तुमच्या अंगावर येतील.

घरावर 'अ‍ॅडर:प्लेस' हा टॅग, त्यात वाडीचं नाव, बिंदूवर आहे त्याच स्पेलिंगने. रस्त्याला नाव असेल तर 'अ‍ॅडर:स्ट्रीट', नसेल तर 'अ‍ॅडर:प्लेस'. दोन्ही एकदम नाही. आपल्याकडे रस्त्यांना नावं नाहीत हा नकाशाचा दोष नाही. युरोपातही खेड्यापाड्यांतून हाच टॅग चालतो. उगाच 'गुहागर-अमुक रोड' असं घरावर ठोकू नका, त्या पत्त्याने पत्र येत नाही.

नाव मराठीत लिहा आणि 'नेम:एमआर' मध्येही तेच, रोमन लिपीतलं इंग्रजीच्या खान्यात.

---

शंकासूर

आणि वाडीचं नाव कोणतं लिहिणार? अर्ध्या वाड्यांची नावं जातीवरून आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने अशी नावं बदलायचं ठरवलं. फलक बदलले काही ठिकाणी, काही ठिकाणी नाहीत. जुनं लिहिलं तर एक चिडणार, नवं लिहिलं तर पोस्टमनला कळणार नाही.

---

पोफळी

हा प्रश्न खरा आहे आणि संगणकाच्या साठ्यातून त्याचं उत्तर मिळणार नाही. माझा नियम: फलक बदलला असेल आणि लोकांनी स्वीकारला असेल तर 'नेम' मध्ये नवं. त्या वाडीतल्यांना काय आवडतं ते विचारायचं, शेजारच्या वाडीतल्यांना नाही. जुनं नाव 'ओल्ड_नेम' मध्ये ठेवायचं का हेही त्यांनाच विचारायचं. ज्या वाडीने नाव टाकून दिलं ते आपण कुठल्यातरी सरकारी कागदातून उकरून परत नकाशावर का चिकटवायचं? शोधायला सोपं जातं हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

भंडारवाडी, तेलीवाडी अशी नावं काही ठिकाणी लोक अभिमानाने लावतात, तिथे ती राहतील. एकच मापदंड अख्ख्या तालुक्याला लावू नये एवढंच म्हणणं.

---

टपालातला_निवृत्त

पोफळीताईंशी सहमत. पोस्टमनची काळजी करू नका, त्याला दोन्ही नावं ठाऊक असतात.

---

चाकरमानी_डोंबिवली

वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय. आमचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं, गणपती आणि शिमग्याला उघडतं. निम्मी वाडी तशीच. पंचायतीच्या यादीत मालकाचं नाव असतं, पत्ता मुंबईचा असतो, कधी थकबाकीही असते. ती यादी नकाशावर गेली तर चोरांना घरबसल्या माहिती. कृपा करून तेवढं टाळा.

---

नकाशे_आजोबा

ते तर टाळायचंच. नमुना आठची नोंदवही म्हणजे कराची आकारणी, त्यात माणसांची नावं असतात. ओएसएमवर राहत्या घरावर माणसाचं नाव लिहीत नाहीत. घराला स्वतःचं नाव असेल आणि ते दारावर कोरलेलं असेल, 'मातृछाया' वगैरे, तर 'अ‍ॅडर:हाऊसनेम' चालतं. बंद घर, उघडं घर, अशी नोंद राहत्या घरांवर कुणीही करू नये.

शिवाय यादी 'मिळू शकेल' म्हणजे काय? ओळखीने झेरॉक्स मिळणं वेगळं आणि खुल्या परवान्याखाली वापरायची लेखी परवानगी मिळणं वेगळं. परवानगी नसेल तर यादीकडे बघूही नका. सरकारच्या महाभूनकाशा या जमिनींच्या ऑनलाइन नकाशाचंही तेच. स्क्रीनवर दिसतो म्हणून त्यावरून गिरवता येत नाही. आणि गुगल मॅपवरून बघून लिहिणं तर मुळीच नाही. वर गुगलच्या ज्या साठ्याची गोष्ट चालली आहे तो वेगळा, तो त्यांनी मुद्दाम खुला केलाय. या दोन्हींत गल्लत करून बरीच नवी मंडळी फसतात.

---

शंकासूर

बरं, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. कशासाठी?

---

सड्यावरचा_वारा

तिवरे आठवतं? २ जुलै २०१९ ची रात्र, धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. बाहेरच्यांना गाव कळत होतं, वाडी कुठे आणि तिच्यात घरं किती हे कळत नव्हतं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन-दापोलीकडची कौलं उडाली, वीज आणि फोन दोन्ही गेले. त्या दिवसांत 'वडाकडून फोन करा' हा पत्ता चालत नाही. २२ जुलै २०२१ ला एकाच दिवशी चिपळुणात पाणी आणि महाडकडे तळियेत दरड. मदत घेऊन येणारे सांगली-कोल्हापूरकडचे, त्यांना कोंड आणि वाडी यातला फरक कुठून माहीत असणार?

ओएसएमचा नकाशा ऑर्गॅनिक मॅप्समध्ये किंवा ओएसएमअँडमध्ये आधी उतरवून ठेवला की नेटवर्क नसताना चालतो. रोजच्या दिवशीही १०८ ची गाडी घाट चढून आली की शेवटचा किलोमीटर तीच रड. तेवढ्यासाठी.

आणि त्याचसाठी खोटी घरं नकोत. दरडीनंतर चिरेखाणीत चाळीस घरं दिसली तर लोक तिकडे धावतील.

---

शंकासूर

हे मान्य. पुढे बोला.

---

मालवणी_बांगडो

शंकासुरान मान्य केल्यान! कॅलेंडरात लिवन ठेवा रे.

---

खाडीकाठ

चर्चेवरून मी असं धरतोय, चुकत असेन तर थांबवा.

क्रमांकांची यादी बाजूला. परवानगी मागणारं पत्र पंचायतीला देऊ, मिळाली तरी नावं आणि थकबाकीचे रकाने काढूनच यादी घेऊ, आणि क्रमांक फक्त जिथे पट्टी प्रत्यक्ष दारावर दिसते तिथे. तोपर्यंत पोफळीताई करतायत तसं स्ट्रीटकम्प्लीट किंवा एव्हरीडोअरने फिरून.

वाड्यांचे बिंदू आधी. त्याला आयात लागत नाही, माणसं लागतात. टपालातल्या काकांनी मदत केली तर फार बरं होईल, त्यांच्या डोक्यात अख्खी बीट आहे.

आकृत्यांसाठी एकच गाव आधी, सपाट किनाऱ्यावरचं, म्हणजे ऑफसेटची कटकट कमी. तुकडे वाडीनुसार पाडायचे. प्रत्येक आकृती माणसाने बघितल्याशिवाय वर जाणार नाही. माटव आणि उडव्या कापायच्या. साठ्यातून सुटलेली माडाखालची घरं जागेवर जाऊन हाताने काढायची. सड्यावरच्या आकृत्या पहिल्या फेरीत पूर्णच वगळू.

एक अडचण राहते. कोळीवाड्यात, खारवीवाड्यात छपराला छप्पर लागलेलं आहे. साठ्यात सात-आठ घरांचा एकच गोळा येतो. तोडायचा कसा?

---

नकाशे_आजोबा

वरून तुटणार नाही. तिथे आयात करूच नका, एक 'लँडयूज=रेसिडेन्शियल' चं क्षेत्र पुरे होईल पहिल्यांदा. मग गल्लीतून चालत जाऊन दारं मोजायची, जोसमच्या टेरेसर प्लगइनने गोळ्याचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग जागेवर जुळतो का बघायचं. घरं सारख्या रुंदीची नसतातच, त्यामुळे शेवटी हातानेच सरकवावं लागतं. वेळखाऊ आहे, पण तिथे वस्ती दाट, आग लागली तर बंब कुठून आत जाईल हा प्रश्न तिथेच सगळ्यात मोठा. म्हणून घरांपेक्षा गल्ल्यांची रुंदी आधी नोंदवा.

बाकी बेत ठीक. विकीवरचं पान मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहा. कुठला साठा, कोणत्या महिन्यात उतरवलेला, काय गाळलं, ऑफसेट कसा बसवला, चूक सापडली तर कुणाला कळवायचं. नवीन खात्याच्या नावात 'इंपोर्ट' असू द्या. चेंजसेट एका वाडीचा एक. दहा हजार घटकांची मर्यादा आहे, पण तिच्या जवळपासही जाऊ नका. लहान चेंजसेट मागे घेता येतो.

---

पोफळी

रॅपिडबद्दल कुणी बोललं नाही. त्या एडिटरात मायक्रोसॉफ्टच्या आकृत्या पार्श्वभूमीला दिसतात, एकेक निवडून स्वीकारायची. जोसमला घाबरणाऱ्यांना तो सोपा. आमच्या कॉलेजातली मुलं त्यावर पटकन शिकली. पण तिथेही धोका तोच, बोट सैल सुटतं. मुलांना मी आधी 'क्यू' दाबून कोपरे चौकोनी करायला शिकवलं, मग सांगितलं की जुनं कोकणी घर चौकोनी नसतं, पडवी बाहेर आलेली असते, ती कापू नका.

वेलदूरपासून खालच्या पाटापर्यंतचे ट्रेस माझ्याकडे आहेत, टाकते.

---

चाकरमानी_डोंबिवली

गणपतीला येतोय. आमच्या वाडीचं मी फिरून करतो, लोक ओळखीचे आहेत, कुणी हटकणार नाही. जोसम येत नाही, कागदावर करून आणलं तर चालेल का?

---

नकाशे_आजोबा

पळेल. फील्ड पेपर्स या संकेतस्थळावरून त्या भागाचा नकाशा छापून घ्या, वर पेनाने खुणा करा, फोटो काढून पाठवा. पेन निळं वापरा, काळं छपाईत मिसळतं. आणि छत्री.

---

टपालातला_निवृत्त

वाड्यांची यादी लिहायला घेतली आहे. एक शंका: नुसत्या 'मधली वाडी' नावाच्या वाड्या माझ्या बीटमध्ये तीन होत्या, तीन वेगळ्या गावांत. नकाशात गोंधळ नाही का होणार?

---

पोफळी

नाही होणार काका. बिंदूवर नुसतं 'मधली वाडी' लिहायचं. शोधणारा गावाचं नाव जोडूनच शोधतो, आणि गावाची हद्द नकाशात असली की ती कुठल्या गावातली हे आपोआप कळतं. 'मधली वाडी, पालशेत' असं नावातच कोंबू नका.

---

सड्यावरचा_वारा

चिरेखाणीतल्या पंपाच्या शेड आणि कामगारांच्या खोल्या, त्यांचं काय? त्या खऱ्या असतात.

---

नकाशे_आजोबा

भिंती आणि कायमचं छप्पर असेल तर काढा. शेडला 'बिल्डिंग=शेड', खोल्यांना सध्या 'बिल्डिंग=येस'. खाण चालू असेल तर तिचं क्षेत्र 'लँडयूज=क्वारी' म्हणून आखून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी साठा घेऊन आला तर त्या हद्दीतल्या आकृत्या त्याला सरळ वेगळ्या काढता येतील.